प्लेनो की स्टुटगार्ट? बिघडलेलं वर्ष कुठे किती महाग पडतं?

पर्वती_पायथा

कंपनीने दोन पर्याय दिले आहेत आणि महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. एक म्हणजे अमेरिकेत टेक्ससमधल्या डॅलसजवळच्या प्लेनोला एल-१बी (कंपनीअंतर्गत बदलीच्या) व्हिसावर बदली, दुसरा जर्मनीतलं स्टुटगार्टचं ऑफिस. आम्ही दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी चार वर्षांची. बदली माझी आहे, बायकोला तिथे जाऊन नोकरी शोधावी लागेल.

पगाराचा तक्ता मांडून झाला आहे. कर आणि घरभाडं जाऊन प्लेनोत हातात जवळपास दुप्पट उरतं. हवा, किराणा, गणपती, मंडळं याबद्दलही भरपूर वाचलं. पण सगळेजण सुरळीत वर्षाचीच तुलना करतात. मला बिघडलेल्या वर्षाची करायची आहे. नोकरी गेली, घरातलं कोणी दोन-तीन महिने अंथरुणाला खिळलं, गाडीला अपघात झाला, तर कुठे नेमकं काय होतं? पैसे कुठून येतात, किती दिवस राहता येतं?

दुसरं म्हणजे रोज घराबाहेर पडताना कुठल्या धोक्याची खरी काळजी करायची, आणि कुठला नुसता बातम्यांमुळे मोठा वाटतो? ज्यांना दोन्हीकडचे नियम ठाऊक आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कागदी_घोडा

व्हिसापासून सुरुवात करतो, कारण नोकरी गेली की पहिल्या दिवशी तोच आडवा येतो.

एल-१बी कंपनीला बांधलेला असतो. नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आय-९४ ची (अमेरिकेत शिरताना होणाऱ्या मुक्कामाच्या नोंदीची) मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच. एच-१बीवर (नेहमीच्या नोकरी-व्हिसावर) असलेल्या माणसासाठी या ६० दिवसांत दुसरी कंपनी अर्ज करू शकते आणि त्याचं बस्तान टिकतं. एल-१बीवाल्याला ती सोय नाही. आधी कधी एच-१बीच्या कोट्यात नंबर लागलेला नसेल तर नव्या कंपनीला मार्चमधल्या सोडतीत नाव घालावं लागतं, नंबर लागला तर काम सुरू होतं १ ऑक्टोबरला. जूनमध्ये नोकरी गेली तर हे गणित ६० दिवसांत बसतच नाही. मुलीची शाळा, भाडेकरार, गाडीचं कर्ज, सगळं दोन महिन्यांत आवरून परतावं लागतं. पगाराच्या तक्त्यात हा धोका दिसत नाही, पण प्लेनोच्या पर्यायातला सगळ्यात मोठा धोका माझ्या मते हाच आहे.

उपाय असा की पहिल्याच मार्चमध्ये कंपनी तुमचं नाव सोडतीत घालेल, हे निघण्याआधी लेखी घ्या. पण त्यातही एक पेच आहे. एल-१वाल्याच्या जोडीदाराला, म्हणजे तुमच्या पत्नीला, नोव्हेंबर २०२१पासून वेगळा परवाना न काढता नोकरी करता येते (आय-९४ वर ‘एल-२एस’ लिहिलेलं आहे ना, हे विमानतळावरून बाहेर पडल्यावर लगेच तपासा). तुम्ही एच-१बीवर गेलात की त्या एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) जातात आणि तो हक्क जातो. तुमचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने करायचा अर्ज) मंजूर होऊन त्यांचं परवानापत्र हाती येईपर्यंत त्यांना नोकरी थांबवावी लागते. म्हणून आय-१४० चं काम पहिल्या वर्षीच सुरू होईल का, हेही विचारा. एल-१बीची एकूण मुदत पाच वर्षं. आणि ग्रीन कार्डच्या रांगेत एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांचं थांबणं दशकाच्या वर जातं. मुलगी २१ वर्षांची झाली की तुमच्या अर्जातून बाहेर पडू शकते. ती आज चार वर्षांची आहे म्हणून हे दूरचं वाटेल, पण रांगेची लांबी पाहता ते गृहीत धरू नका.

आता स्टुटगार्ट. तुम्ही ‘स्टुटगार्टचं ऑफिस’ एवढंच लिहिलं आहे. आयसीटी कार्ड (कंपनीअंतर्गत बदलीचा परवाना) देतायत की ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांचा नोकरी-परवाना), हे आजच विचारा. आयसीटीमध्ये तुमचा करार भारतातल्या कंपनीशीच राहतो आणि मुदत तीन वर्षांत संपते. ब्लू कार्डसाठी जर्मन कंपनीशी स्थानिक करार लागतो, आणि पुढचे सगळे फायदे त्या कराराला चिकटलेले आहेत. ब्लू कार्डवर जर्मन भाषेची बी१ (मध्यम) पातळी असेल तर २१ महिन्यांत, ए१ (प्राथमिक) असेल तर २७ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. पत्नीला येण्यासाठी भाषापरीक्षेची अट नाही आणि पहिल्या दिवसापासून कुठेही नोकरी करता येते. पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. तीन वर्षांची जलद वाट २०२४ साली उघडली होती, ती ऑक्टोबर २०२५मध्ये बंद झाली, त्यामुळे जुन्या लेखांवर विसंबू नका.

तिथे नोकरी गेली तर युरोपीय नियमाप्रमाणे नवी नोकरी शोधायला तीन महिने मिळतात, ब्लू कार्डला दोन वर्षं झाली असतील तर सहा. शिवाय मधल्या काळात पैसे मिळतात. मागच्या ३० महिन्यांत १२ महिने बेकारी विम्याची वर्गणी भरली असेल तर सहा महिने, २४ भरली असेल तर वर्षभर बेकारी भत्ता, आणि मूल असेल तर निव्वळ पगाराच्या ६७ टक्के. नोकरी जाणार हे कळल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्यालयात नोंद करावी लागते. लोक हे चुकवतात आणि आठवडाभराचा भत्ता गमावतात.

सर्वांत महाग चूक वेगळीच. कंपनी ‘आपण परस्परसंमतीने करार संपवू’ म्हणत आउफहेबुंग्सफरट्राग नावाचा कागद पुढे करते, वर दोन-तीन पगार देऊ करते. सही केलीत की बेकारी भत्ता साधारण १२ आठवडे अडतो आणि कायद्याचं संरक्षणही जातं. सही करण्याआधी कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा. साधी बडतर्फीची नोटीस मिळाली तर कामगार न्यायालयात जायला फक्त तीन आठवडे असतात, त्यातला एकही दिवस वाढवून मिळत नाही. हे संरक्षण सहा महिने नोकरी झाल्यावर आणि दहापेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत लागू होतं. पहिले सहा महिने परिवीक्षेचे: दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी पाठवू शकतात. आणि पहिल्या वर्षात बेकारी भत्त्याचा हक्कही तयार झालेला नसतो. तेवढा काळ जर्मनीतही स्वतःच्या शिलकीवरच काढायचा आहे.

मोजपट्टी

रोजच्या धोक्याबद्दल. टेक्ससमधला सगळ्यात मोठा रोजचा धोका रस्ता आहे, आणि नेमकी त्याचीच चर्चा सगळ्यांत कमी होते.

२०२३मध्ये अमेरिकेत रस्त्यांवर ४०,९०१ माणसं गेली, दर लाखामागे साधारण १२. जर्मनीत त्याच वर्षी २,८३९, म्हणजे लाखामागे साडेतीनच्या आत. एकट्या टेक्ससमध्ये, तीन कोटी वस्तीत, वर्षाला चार हजारांहून अधिक मृत्यू होतात. जर्मनीच्या आठ कोटींहून जास्त वस्तीत तीन हजारांच्या आत. ७ नोव्हेंबर २०००नंतर आपल्या रस्त्यांवर एकही दिवस मृत्यूविना गेलेला नाही, असं टेक्ससचं परिवहन खातं स्वतः सांगतं. वेगमर्यादा नसलेल्या आउटोबानची भीती आपल्याकडे फार, पण जर्मनीत सर्वाधिक मृत्यू गावांना जोडणाऱ्या दुपदरी रस्त्यांवर होतात.

कारण सरळ आहे. प्लेनोत दूध आणायलाही सहापदरी रस्ता ओलांडून गाडीनेच जावं लागतं. किलोमीटर जास्त, गाड्या उंच आणि जड, वळणाऱ्याचा वेग जास्त. त्यामुळे घर निवडताना शाळा आणि ऑफिस यांच्यातलं अंतर कमी करणं, हा तिथला सुरक्षेचा सर्वांत उपयोगी निर्णय. गाडी उंच एसयूव्ही घेत असाल तर नाकासमोरचा आंधळा भाग किती आहे ते मुलीला पुढे उभं करून (गाडी बंद ठेवून) बघा. चार वर्षांचं मूल काही गाड्यांमधून दिसतच नाही. तिचं आसन समोर तोंड असलेलं, पाचबिंदू पट्ट्याचं. आसनावर लिहिलेली वजन-उंचीची कमाल मर्यादा येईपर्यंत बूस्टरवर नेऊ नका. मुलांचं आसन किंवा बूस्टर टेक्ससच्या कायद्यात आठ वर्षं किंवा ४ फूट ९ इंच होईपर्यंत लागतं, जर्मनीत १२ वर्षं किंवा १५० सेंटिमीटर होईपर्यंत.

टेक्ससमध्ये गाडीचा किमान कायदेशीर विमा म्हणजे ३०/६०/२५: एका जखमीला ३० हजार डॉलर, एका अपघातात सगळे मिळून ६० हजार, मालमत्तेला २५ हजार. अतिदक्षता विभागात काही दिवस गेले तर ३० हजार संपतात. समोरच्याने धडक दिली आणि त्याचा विमा एवढाच असला, किंवा मुळीच नसला, तर उरलेलं तुमच्या अंगावर येतं. म्हणून स्वतःच्या पॉलिसीत ‘अनइन्शुअर्ड/अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट’ हे कलम २५०/५०० (हजार डॉलर) पर्यंत वाढवून घ्या, आणि ‘पीआयपी’ (चूक कुणाचीही असो, तुमच्या उपचारांचा खर्च देणारं कलम) लेखी नाकारू नका. तिथे ते नाकारायला सही लागते आणि एजंट इतर कागदांत ती सही घेऊन टाकतात. तुलनेसाठी, जर्मनीत माणसांच्या इजेसाठी गाडीच्या विम्याची कायदेशीर किमान रक्कम ७५ लाख युरो आहे. तिथे धडक देणारा कोण होता यावर तुमचं भविष्य ठरत नाही.

बंदुका. २०२२मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,२०४ मृत्यू झाले, त्यातले निम्म्याहून जास्त आत्महत्या. सामूहिक गोळीबार भयंकर असतात, पण एकूण आकड्यात त्यांचा वाटा लहान आहे. तरीही विषय सोडून देण्यासारखा नाही: २०२०पासून १ ते १९ वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण बंदूक हेच आहे. टेक्ससमध्ये सप्टेंबर २०२१पासून विनापरवाना जवळ बाळगता येते. व्यवहारात दोन गोष्टी करायच्या. मुलगी कुणाकडे खेळायला जाणार असेल तर आधी सरळ विचारा की घरात बंदूक आहे का, आणि ती गोळ्यांपासून वेगळी, कुलपात असते का. तिथले बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. दुसरं, रस्त्यावर कुणी आडवा आला तर हॉर्न, हातवारे, पाठलाग काहीही नको. मागे पडा आणि वाट द्या.

आणखी एक. १ ते ४ वयात अमेरिकेतल्या मृत्यूंचं पहिलं कारण बुडणं आहे. प्लेनोतल्या बहुतेक अपार्टमेंट संकुलांत पोहण्याचा तलाव असतो. त्याचं फाटक आपोआप बंद होऊन कडी लागते का, ते घर बघतानाच तपासा.

पर्वती_पायथा

दोघांचेही आभार. एल-१बीबद्दल हे कुणीच सांगितलं नव्हतं. स्टुटगार्टचं विचारलं: ब्लू कार्ड आणि स्थानिक करार देता येईल म्हणाले.

आता आजारपण. तिथल्या एका एजंटने आत्ताच खासगी आरोग्यविमा घ्या म्हणून मागे लावलंय. सरकारी विम्याच्या निम्म्यात पडतो आणि डॉक्टरची वेळही लवकर मिळते म्हणतो. घ्यावा का?

सोमवार_पेठ

घेऊ नका. निदान मुलं-बाळं असलेल्या पगारदाराने तरी नको.

सरकारी पद्धतीच्या विम्यात, म्हणजे क्रांकनकासेमध्ये, हप्ता पगाराच्या टक्क्यात असतो: १४.६ टक्के अधिक कासेची थोडी जादा वर्गणी, त्यातलं निम्मं कंपनी भरते, आणि एका पातळीपुढे पगार वाढला तरी हप्ता वाढत नाही. मुलगी त्यात फुकट, आणि पत्नीला नोकरी नसेल तोवर त्याही. खासगीत प्रत्येक डोक्याला वेगळा हप्ता, तो वय आणि तब्येत बघून ठरतो आणि पुढे वाढत जातो. पगार कमी झाला तरी तो कमी होत नाही. शिवाय तुम्ही खासगीत गेलात, तुमचा पगार ठरावीक मर्यादेच्या वर असला (२०२५ साली वर्षाला ७३,८०० युरो) आणि पत्नीपेक्षा जास्त असला, तर पत्नी सरकारी विम्यात असूनही मुलीचा फुकट विमा जातो. ही ओळ एजंट सांगत नाही. आणि पंचावन्न वर्षांनंतर परतीची वाट जवळजवळ बंद असते.

डॉक्टरची वेळ उशिरा मिळते हे मात्र खरं. विशेषज्ञांसाठी आठवडे, कधी महिने. त्यावर मार्ग असा: घरच्या डॉक्टरकडून चिठ्ठी घेताना तिच्यावर बारा अक्षरांचा तातडीचा कोड मागायचा, मग ११६११७ वर किंवा त्यांच्या संकेतस्थळावर तो टाकायचा. चार आठवड्यांच्या आत वेळ द्यावी लागते. डॉक्टर मात्र ते देतील तो, त्यामुळे शहराच्या दुसऱ्या टोकाला जायची तयारी ठेवा. रात्री-रविवारी ताप-दुखण्यासाठीही तोच क्रमांक. जिवावरचं असेल तर ११२.

आजारपणात पगाराचं असं: नोकरीला चार आठवडे झाले की पहिले सहा आठवडे पूर्ण पगार कंपनीकडून. त्यानंतर कासे एकूण पगाराच्या ७० टक्के देते, पण निव्वळ पगाराच्या ९० टक्क्यांच्या वर नाही. एकाच आजारासाठी तीन वर्षांत ७८ आठवड्यांपर्यंत, आणि त्यात ते पहिले सहा आठवडेही धरतात. रुग्णालयात दिवसाला १० युरो, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवस. मुलगी आजारी पडली तर २०२५ साली प्रत्येक पालकाला वर्षाला १५ दिवस घरी राहून भरपाई मिळत होती. अर्थात दोघंही क्रांकनकासेत असाल तर.

प्लेनोत विम्याचा कागद वाचताना एकच आकडा आधी शोधा: ‘आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम’, म्हणजे विम्यातल्या उपचारांसाठी वर्षात तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाईल. कायद्याने २०२५ साली कुटुंबासाठी त्याची कमाल १८,४०० डॉलर होती, पुढे ती वाढतेच. एवढी रक्कम बाजूला नसेल तर दुप्पट शिलकीचा हिशोब अर्धवट आहे. आणि हा आकडा बहुतेक योजनांत १ जानेवारीला पुन्हा शून्यावर येतो, म्हणून डिसेंबरात सुरू झालेलं आणि फेब्रुवारीपर्यंत लांबलेलं दुखणं दोन वर्षांच्या मर्यादा खातं. विम्याच्या जाळ्याबाहेरच्या (विमा कंपनीशी करार नसलेल्या) रुग्णालयाने तातडीच्या उपचारांचं जादा बिल लावणं १ जानेवारी २०२२पासून बंद झालं, पण त्या केंद्रीय कायद्यात रस्त्यावरची रुग्णवाहिका धरलेली नाही. पगाराचं तर केंद्रीय कायद्याने काहीच नाही: १२ आठवडे बिनपगारी रजा, तीही वर्षभर आणि १,२५० तास काम झाल्यावर. म्हणून कंपनीच्या लाभांच्या यादीत ‘शॉर्ट-टर्म डिसॅबिलिटी’ (आजारपणात काही काळ पगाराचा भाग देणारा विमा) आहे का, किती टक्के, कितव्या दिवसापासून, ते नेमकं विचारा.

स्टुटगार्टच्या रोजच्या भानगडी थोडक्यात. पहिल्या आठवड्यात ‘हाफ्टफ्लिख्ट’ हा दायित्वविमा घ्या. तुमच्या चुकीने दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरायला जर्मन कायद्यात वरची मर्यादा नाही. त्यात दोन कलमं हवीतच: चावी हरवणे, आणि सात वर्षांखालच्या मुलाने केलेलं नुकसान. इमारतीची एक चावी हरवली तर सगळी कुलपं बदलायचा खर्च हजारोंत जातो. सात वर्षांखालचं मूल कायद्याने जबाबदार धरलं जात नाही, त्यामुळे ते कलम नसेल तर विमा शेजाऱ्याला काहीच देत नाही आणि संबंध बिघडतात.

भाडेकरारात केअरवोखे, म्हणजे आळीपाळीने जिना-अंगण झाडायची तिथली स्वाबियन पद्धत, असेलच. त्यात हिवाळ्यात बर्फ काढणंही तुमच्याकडे दिलं आहे का ते वाचा. तुमच्या पाळीत सकाळी निसरड्यावर कुणी पडलं तर जबाबदारी तुमच्यावर येते.

बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये (स्टुटगार्टचं राज्य) गोचिडीतून मेंदूज्वराचा विषाणू पसरतो, एफएसएमई. लस तीन डोसांची: दुसरा एक ते तीन महिन्यांनी, तिसरा लशीप्रमाणे पाच ते बारा महिन्यांनी. पैसे कासे देते. हिवाळ्यात सुरू केलीत तर वसंतापर्यंत दोन डोस होतात. गोचिडीतूनच होणाऱ्या लाइम आजारावर लस नाही, म्हणून गवतात खेळून आल्यावर मुलीचे केसांच्या रेषा, काखा, गुडघ्यांमागचा भाग रोज बघायचा.

भारतीय वाहनपरवाना सहा महिनेच चालतो. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा, शिवाय प्रथमोपचाराचा वर्ग. मुदतीनंतर गाडी चालवणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि असा गुन्हा पुढे वास्तव्य-परवान्याच्या व नागरिकत्वाच्या अर्जात आडवा येतो. लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते. उन्हाळ्यात घरांना वातानुकूलन नसतं. वरच्या मजल्याचं, छताखालचं घर जुलैत ३५ अंशांना भट्टी होतं. बाहेरून बंद होणारे शटर असलेलं घर बघा.

ब्लूबॉनेट

आतापर्यंतचं वाचून प्लेनो नकोच असं वाटेल, पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही नोंदवते.

तुमच्या पत्नीच्या नोकरीचा प्रश्न आहे. प्लेनो-फ्रिस्को भागात इंग्रजीवर पहिल्या महिन्यापासून मुलाखती सुरू होतात. स्टुटगार्टमध्ये मोटार उद्योगाची पडझड चालू आहे आणि जर्मन न येणाऱ्यासाठी जागा कमी. हातात हक्क असूनही दीड-दोन वर्षं घरी बसणं हाही एक धोकाच आहे, आणि त्याने माणूस आतून खचतो. मुलीलाही आधी भाषा शिकावी लागेल, जरी चौथ्या वर्षी ते सोपं असतं. किटामध्ये (पाळणाघर-बालवाडीत) जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण कर्मचारी कमी म्हणून दुपारीच बंद होणाऱ्या किटाही आहेत. करार करताना किती तासांची जागा ते लिहून घ्या.

प्लेनोला गेलातच तर बाकीच्यांनी न लिहिलेली तीन कामं. ‘इमर्जन्सी’ अशी पाटी असलेली, बाजारपेठेत सुटी उभी असणारी केंद्रं टेक्ससमध्ये जागोजागी आहेत. दिसायला साध्या दवाखान्यासारखी, पण बिल रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाचं लावतात. घशाला सूज, कानदुखी यासाठी पाटीवर ‘अर्जंट केअर’ असेल तिथेच जा, आणि जवळची दोन केंद्रं तुमच्या विम्याच्या जाळ्यात आहेत का ते आधीच बघून ठेवा.

वादळाचं: ‘वॉच’ म्हणजे हवा तशी आहे, ‘वॉर्निंग’ म्हणजे वादळ दिसलंय, लगेच आत. तिथल्या घरांना तळघर सहसा नसतं. सर्वांत खालच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत किंवा न्हाणीघरात जायचं, मुलीच्या डोक्यावर सायकलचं हेल्मेट, सगळ्यांच्या पायात बूट. वीज गेली तर गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवून ऊब घ्यायची नाही, जनरेटर किंवा कोळशाची शेगडी आत आणायची नाही. फेब्रुवारी २०२१च्या थंडीत टेक्ससमध्ये अधिकृत मोजणीप्रमाणे २४६ माणसं गेली, त्यातली काही अशाच विषारी वायूने. झोपायच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा इशारायंत्र लावा.

तिसरं, नोकरी गेली तर विमा सुरू ठेवायचा ‘कोब्रा’चा पर्याय निवडायला ६० दिवस असतात आणि तो मागच्या तारखेपासून लागू होतो. हप्ता पूर्ण, कंपनीच्या वाट्यासकट १०२ टक्के. त्यामुळे फॉर्म भरून तयार ठेवायचा आणि त्या ६० दिवसांत कुणाला रुग्णालय लागलं तरच पाठवायचा. पाठवल्यावर मागचे सगळे हप्ते भरावे लागतात. ६० दिवस उलटले की तो हक्क जातो, म्हणून ५५व्या दिवसाची आठवण फोनमध्ये लावून ठेवा.

कागदी_घोडा

वरच्याला एक जोड. ब्लू कार्ड मिळणार असेल तर करारात परिवीक्षा काळ कमी करता येतो का ते विचारा. तुम्ही त्याच कंपनीचे जुने कर्मचारी आहात, त्यामुळे ‘परिवीक्षा नाही, आणि भारतातली सेवा धरली जाईल’ अशी ओळ मागणं रास्त आहे. ती मिळाली तर पहिल्या सहा महिन्यांतला सर्वांत मोठा धोका जातो. मागणी ईमेलवर करा, आणि उत्तर करारात उतरल्याशिवाय इथला राजीनामा देऊ नका.